एकतिसाव्या दिवसाच्या खुणा

तक्ता मीच छापला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांच्यावर आग पाखडणार आहे त्यांच्यापैकी कुणी उठून मला ते ऐकवायला नको. मी छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, हॉस्पिटलचे फॉर्म, असलं सगळं दिवसभर माझ्या हातून जातं. आमच्या चर्चच्या मंडळीचा ‘विश्वासवृद्धी तक्ता’सुद्धा माझ्याच हातून गेला.

कल्पना हेडमास्तरांची. ते मंडळीच्या कमिटीतले सगळ्यात ज्येष्ठ. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण शाळा त्यांच्यातून काही निवृत्त झाली नाही. उपासनेला कोण उशिरा आलं, गीत गाताना कुणी नुसतेच ओठ हलवले, सगळं त्यांना दिसतं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, वयाने लहान, वर्षभरापूर्वीच आलेले, मनाने चांगले आणि हेडमास्तरांपुढे बोलताना कायम घसा खाकरणारे. ‘लोकांचा विश्वास ढिला पडलाय, त्याला रोजची सवय लावली पाहिजे,’ असं हेडमास्तर म्हणाले तेव्हा त्यांनी मान डोलावली. खरं तर मीही डोलावली. चांगली सवय कुणाला नको असते?

तर तक्ता असा : डावीकडे उभ्या तारखा, एक ते एकतीस. प्रत्येक तारखेपुढे पाच चौकोन. शास्त्राचं वाचन, किमान पंधरा मिनिटं. प्रार्थना, गुडघ्यावर, किमान पंधरा मिनिटं. कुटुंबप्रार्थना. एका माणसाला साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगणं. एक सत्कर्म. केलं की बरोबरची खूण करायची. खाली सही, आणि सहीच्या वर हेडमास्तरांनी मुद्दाम सांगून घालायला लावलेली ओळ : ‘वरील सर्व माहिती प्रभूसमोर खरी आहे.’ महिना संपला की तक्ते गोळा करायचे, बेरजा करायच्या, आणि यादी दाराजवळच्या फळ्यावर लावायची. कमिटीच्या लोकांचे तक्ते मात्र यादीत नसायचे. ते नमुन्याचे विश्वासू, त्यांची काय यादी करायची! त्यांचे तक्ते पाळकसाहेबांच्या फाइलीत जायचे. तरुण संघाची चिटणीस म्हणून माझाही त्याच फाइलीत.

शिवाय एक नियम होता. लागोपाठ तीन महिने ज्याच्या खुणा निम्म्यापेक्षा कमी भरतील, त्याच्याकडून मंडळीतली सेवा काढून घ्यायची. हा नियम वाचला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. तो माझ्या मावशीच्या मानेवर येऊन बसेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझी मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. अख्ख्या हॉस्पिटलमध्ये तिला ‘घडीमावशी’ म्हणतात, डॉक्टरसुद्धा. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते. दोन खोल्या, एक खिडकी, आणि घरभर इस्त्रीचा वास. तिला मूल नाही. काकांना जाऊन तेवीस वर्षं झाली.

काका त्याच हॉस्पिटलात गेले. त्यांचं दुखणं लांबलं होतं, अंगाला जखमा झाल्या होत्या. अंगाखालची चादर दोन-दोन दिवस बदलली जायची नाही आणि बदलली तरी चुरगळलेली, ओलसर अशी यायची. “खाली काहीतरी बोचतंय गं,” असं ते सारखं म्हणायचे. मावशी हाताने सुरकुत्या काढत बसायची. एक सुरकुती काढली की दुसरी पडायची. ते गेले त्या दुपारीही तिचा हात चादरीवरच होता. त्यानंतर वर्षभर ती उपासनेला गेली नाही. तिला प्रार्थना येईनाशी झाली. डोळे मिटले की तोंडात शब्दच यायचे नाहीत, यायचा तो नुसता संताप. वॉर्डात चादरी टाकणाऱ्या बाईवर, हॉस्पिटलवर, आणि ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याच्यावरही. हे तिनेच मला सांगितलंय, काही झाकून न ठेवता.

मग पोट भरायला नोकरी हवी होती आणि मिळाली ती नेमकी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत.

मी तिला काम करताना पहिल्यांदा पाहिलं ते फॉर्मचे गठ्ठे पोचवायला गेले होते तेव्हा. स्टोअररूम लाँड्रीला लागूनच आहे. आत वाफ, मशीनची घरघर, चाकांच्या ढकलगाड्यांवर चादरींचे ढीग. एका मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना मावशी आणि तिची जोडीदारीण. दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरायच्या, एक झटका, अर्धी घडी, पुन्हा चालत एकमेकींजवळ, पाव घडी. शेवटची घडी मावशी एकटी घालायची. ती घातली की तळहात चादरीवर सपाट ठेवायची, ओठ जरासे हलायचे, आणि चादर गठ्ठ्यावर. सगळं मिळून तीन-चार सेकंद. मग पुढची चादर. मी दहा चादरी पाहिल्या, दहाही वेळा तसंच.

“ही काय करते?” मी जोडीदारणीला विचारलं.

“त्यांचं देवाचं असतं काहीतरी,” ती म्हणाली. जोडीदारीण आमच्यातली नाही. “आधी मी म्हणायचे, बाई, कशाला वेळ घालवता? आता माझ्याच कमरेला सवय झालीय. तेवढ्यात जरा टेकून घेते.”

संध्याकाळी मी मावशीला विचारलं. ती लसूण सोलत होती. “जो कुणी त्या चादरीवर झोपणार असतो ना, त्याच्यासाठी,” ती म्हणाली.

“पण कोण झोपणार ते तुला कुठे माहीत असतं?”

“मला कशाला माहीत असायला हवं? ज्याला माहीत असायला हवं त्याला असतं.” मग थोडं थांबून म्हणाली, “मला लांबलचक प्रार्थना येत नाही गं. एका घडीएवढी येते. सुरुवातीला तर तीही येत नव्हती. पहिलं वर्षभर मी नुसता हात ठेवायचे आणि मनात त्या वॉर्डातल्या बाईला शिव्या घालायचे. म्हटलं, आता हात तर ठेवलाय, काढायचा नाही. कधीतरी शिव्या संपल्या.”

एका पाळीत दोनशे-अडीचशे चादरी. बावीस वर्षं. मोजायला बसलं तर माझा कॉम्प्युटरसुद्धा दमेल, आणि मावशीने ते कधीही मोजलेलं नाही.

ती उपासनेला परत आली तेव्हा त्या वेळच्या पाळकबाईंनी तिला प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुवायला दिलं. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. शनिवारी मावशी ते कापड घरी धुते, वेगळ्या बादलीत, हाताने. ओलसर असतानाच इस्त्री करते. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मेजावर घालते आणि उपासना संपली की घडी घालून परत आणते. तो रविवार मोकळा मिळावा म्हणून बाकीच्या महिन्यात ती दुसऱ्यांच्या पाळ्या करते, सणासुदीच्यासुद्धा. त्यासाठी कुणी तिचे आभार मानलेले मला आठवत नाहीत. तिला ते हवेही नसतात. तिला हवं असतं ते कापड.

आणि तक्त्यावर तिच्या खुणा किती? पहिल्या महिन्यात सव्वीस. दुसऱ्यात अठ्ठावीस. एकशे पंचावन्नपैकी.

“अगं मावशी, सकाळी चहा उकळेपर्यंत तू वाचतेस ना? मग कर ना खूण!” मी ओरडायचे.

“ते दोन ओळी असतं. इथे पंधरा मिनिटं लिहिलंय.”

“आणि प्रार्थना?”

“गुडघ्यावर म्हटलंय. दिवसभर उभी राहून माझे गुडघे किती सुजतात ते तुला माहीत आहे. मी बसून करते.”

“मग चादरींचं काय? दोनशे वेळा…”

“ते काम आहे. त्याचा मी पगार घेते.”

“आणि सत्कर्म? एकही नाही? महिन्याभरात तू एकही चांगली गोष्ट केली नाहीस?”

यावर ती खरोखर चिडली. “स्वतःचं सत्कर्म स्वतःच कसं लिहायचं गं? लाज नाही वाटत?” एवढं म्हणून तिने पेन्सिल खाली ठेवली. फक्त कुटुंबप्रार्थनेचे चौकोन ती भरायची, कारण ती आम्ही दोघी रोज संध्याकाळी खरंच करायचो. तिची दुसरी पाळी असेल त्या दिवशी मात्र तोही चौकोन कोरा.

दुसऱ्या महिन्याची यादी लागली त्या रविवारी हेडमास्तरांनी तिला दाराशी, सगळ्यांच्या देखत थांबवलं. “बाई, तुम्ही फार मागे पडताय,” ते म्हणाले. “आणखी एक महिना आहे. मेजाच्या कापडाची सेवा साधी नसते. तिला स्वच्छ हात लागतात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वच्छ हात! त्या बाईच्या हातांना सोड्याने भेगा पडल्यात, नखांच्या कडा पांढऱ्याफटक झाल्यात. त्याहून स्वच्छ हात गावात कुणाचे आहेत ते दाखवा म्हणावं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला आणि म्हणाली, “हो सर. बघते.”

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. “तू काही बोलत का नाहीस? तुला नकोच आहे का ते कापड?”

“मला हवंय,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? फार हवंय. मी उपासनेला परत आले ती त्या कापडाला धरून. ते गेलं तर माझ्या हातात काय राहील, मला माहीत नाही.” आणि ती रडली. आई गेली तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

“मग भर ना ते चौकोन! सगळे भरतात. कुणी बघायला येतं का?”

“खाली काय छापलंयस ते वाच,” ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

तिसरा महिना तसाच गेला. पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी दुपारी हेडमास्तर दुकानात आले, मंडळीच्या तक्त्यांचा गठ्ठा आणि बेरजांचा कागद काउंटरवर ठेवला. “उद्या वाचायची यादी आहे. नीट टाइप कर. मथळ्यात महिना घाल.” बेरजा त्यांनी स्वतः लाल शाईने केल्या होत्या. शेवटून पहिलं माणूस माझी मावशी. पंचवीस. तिच्यापुढे लाल अक्षरात लिहिलेलं : ‘कापड – सेवा स्थगित.’

मी दात ओठ खात टाइप करत होते. एकशे पंचावन्न. एकशे पंचावन्न. एकशे त्रेपन्न. पुन्हा एकशे पंचावन्न. काय ही माणसं! सगळे संत झाले होते. मथळ्यात महिना घालायला मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि माझी बोटं थांबली. गेला महिना तीसचा होता.

आधीचे दोन महिने एकतीसचे. मी तीच फाइल महिन्याचं नाव बदलून पुन्हा छापली होती. शेवटची ओळ काढायची राहून गेली होती. महिना तीस दिवसांचा आणि तक्त्यात एकतीस ओळी. हेडमास्तरांच्या तोंडात १५५ हा आकडा दोन महिन्यांत इतका बसला होता की त्यांनाही काही खटकलं नाही.

मी गठ्ठा सोडला. एकेक तक्ता काढून नुसती शेवटची ओळ पाहिली. खूण, खूण, खूण, खूण, खूण. पुढचा. पाच खुणा. त्याच्या पुढचा, पाच. कुणी तर वरपासून खालपर्यंत एकाच पेनाने, एका बैठकीत खुणा ओढल्या होत्या. शेवटी शेवटी हात दमून खुणा आडव्या पडलेल्या दिसत होत्या. जो दिवस उगवलाच नाही त्या दिवशी आमच्या मंडळीने पंधरा मिनिटं शास्त्र वाचलं होतं, गुडघे टेकले होते, साक्ष दिली होती आणि एकेक सत्कर्मही उरकलं होतं. खाली सह्या. ‘प्रभूसमोर खरी आहे.’ बेचाळीस तक्त्यांपैकी अडतीस.

उरलेल्या चारांतल्या तिघांनी महिनाअखेरीचे बरेच दिवस कोरे सोडले होते, त्यात एकतिसावाही आपोआप कोरा राहिला होता. चौथा मावशीचा. तिच्या एकतिसाव्या ओळीवर पेन्सिलीने एक सरळ रेघ होती आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : ‘हा दिवस नव्हता.’

मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले आणि मग मला भयंकर राग आला. ह्या लोकांनी तिचा न्याय करायचा? ह्यांनी तिला स्वच्छ हातांबद्दल शिकवायचं?

घरी गेले तर मावशी कापडाला इस्त्री करत होती. नेहमीपेक्षा सावकाश. एकेका कडेवरून दोन-दोनदा हात फिरवत होती. उद्या काय वाचणार ते तिला माहीत होतं. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला अडवलं असतं, आणि मला अडायचं नव्हतं. मला उद्या तमाशा करायचा होता, आणि मी रात्री पोटभर जेवून झोपले.

रविवारी मावशीने मेजावर कापड घातलं नाही. पिशवीत ठेवून ती मागच्या बाकावर बसली, मेज उघडंच. उपासनेच्या आधी हेडमास्तर पुढे उभे राहिले आणि यादी वाचायला लागले. वरच्या लोकांच्या नावांनंतर त्यांचा आवाज खाली आला, दुःखी झाला. “आपल्या एका भगिनीकडून मेजाच्या कापडाची सेवा तूर्त काढून घ्यावी लागत आहे. आपण सर्वांनी त्यांच्या विश्वासासाठी प्रार्थना करू या.”

मावशी पिशवी घेऊन उठली. कापड नेऊन द्यायला. त्याच वेळी मीही उठले.

“सर, एक विचारू? गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला तुम्ही काय वाचलंत?”

“हा काय प्रश्न झाला? रोजचं वाचन. पहाटे उठून.”

“आणि प्रार्थना? गुडघ्यावर?”

“अर्थात.”

“एकतीस तारखेलाच ना? गेल्या महिन्याच्या?”

पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी मूठ पुढे धरून बोटांच्या गाठींवर महिने मोजायला सुरुवात केली. गाठ, खड्डा, गाठ. खड्ड्यावर आले आणि थांबले. त्यांची मूठ हळूच खिशात गेली. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. एकेक मान खाली जाऊ लागली. आधी कळलं त्यांची, मग बाकीच्यांची.

मी गठ्ठा वर धरला. “बेचाळीस तक्ते आहेत. अडतीस जणांनी न उगवलेल्या दिवशी प्रार्थना केलीय. आणि जिची सेवा तुम्ही काढताय, तिने इथे लिहिलंय की हा दिवस नव्हता. वाचून दाखवू?”

हेडमास्तर लालबुंद झाले. “ही छपाईची चूक आहे. छापणाऱ्याची.”

“छापणाऱ्याची आहेच. ओळ मी छापली. खुणा कुणी केल्या?”

 मला वाटलं, अजून पुरेसं झालं नाही. एवढी तीन महिन्यांची आग अशी अर्ध्यावर कशी विझवायची? “आणि कमिटीची फाइल उघडा,” मी पाळकसाहेबांना म्हणाले. “नमुन्याच्या विश्वासूंचंही कळू दे सगळ्यांना.”

पाळकसाहेब उठले. आज त्यांनी घसा खाकरला नाही. फाइल आणली, उघडली. “माझा तक्ता,” ते म्हणाले. “एकतीस तारीख. पाच खुणा आहेत.”  “हेडमास्तरसाहेबांचा. पाच.” मग कमिटीच्या आणखी तिघांचे. पाच, पाच, चार. मग त्यांनी एक कागद उलटला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. फाइल मिटायला लागले.

 आणि मला आत्ता आठवलं. महिनाअखेरीच्या एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, चहा थंड होईपर्यंत मी माझा तक्ता भरून टाकला होता. सगळा. दोन मिनिटांत. मोबाइलवर बोलता बोलता.

“हिचा राहिला,” मावशी मधल्या वाटेतून म्हणाली. ती पिशवी छातीशी धरून तिथेच उभी होती.

“मावशी, असू दे…” पाळकसाहेब म्हणाले.

“वाचा.”

“पाच,” ते म्हणाले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. “तूसुद्धा?” एवढंच म्हणाली. मी खाली बसले. हातातला गठ्ठा बाकावर ठेवला.

 पाळकसाहेब खाली उतरून मावशीपाशी आले. “मावशी, मेज उघडं आहे,” ते म्हणाले. “तुमच्याशिवाय कुणी घालणार नाही.” तिने मान डोलावली. पुढे गेली, कापड काढलं, मेजावर पसरलं आणि दोन्ही हातांनी कडेपर्यंत सारखं केलं. एकही सुरकुती नव्हती. प्रभुभोजन झालं. 

आता कुणाला वाटेल की हेडमास्तर बदलले. कसले बदलतात! उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून तारखा नीट तपासून छापत जा.” सेवा काढायचा नियम पाळकसाहेबांनी त्याच आठवड्यात रद्द केला, पण तक्ता आहे तसा आहे. मी छापायला नकार दिला, तर दुसऱ्या दुकानातून छापून आणतात. एकतीस आणि तीस बरोबर असतं आता. खुणाही तेवढ्याच बरोबर असतात. मला अजूनही ती यादी फळ्यावर दिसली की अंगाची लाही होते, आणि ती होऊ नये असं मला मुळीच वाटत नाही.

पण त्या रविवारचं एक राहिलं. सगळे निघून गेले होते, हेडमास्तर तेवढे बाकांवरून उरलेले कोरे तक्ते गोळा करत होते. मावशी मेजाशी उभी राहिली आणि मला हाक मारली. “इकडे ये. हात धुऊन ये आधी.”

मी हात धुऊन गेले. तिने कापडाची दोन टोकं माझ्या हातात दिली. झटका, अर्धी घडी. चालत जवळ, पाव घडी. शेवटची घडी ती नेहमी एकटी घालते. ती तिने घातली, माझा तळहात धरून कापडावर सपाट ठेवला आणि स्वतःचा हात बाजूला घेतला.

“कर,” ती म्हणाली.

“कुणासाठी?”

तिने हनुवटीने हेडमास्तरांकडे दाखवलं. ते वाकून बाकाखाली पडलेला एक कागद काढत होते. एक हात कमरेवर होता.

“मला नाही येणार.”

“मला तरी कुठे येत होती? हात ठेव.”

मी हात ठेवला. डोळे मिटले. मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन-चार सेकंदांनी डोळे उघडले.

“मनापासून केलीस?” मावशीने विचारलं.

माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. किती सोपं होतं, एक खूण केली की संपलं. ती माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. शेवटची घडी उलगडली आणि कापडाची टोकं पुन्हा माझ्या हातात दिली.